दुखण्यावर बोट

आमच्या जालन्यात 'बोट' म्हटले की माणूस आपल्या हाताकडे पाहतो. समुद्र कुठल्या कुठे राहिला. घाणेवाडीचा तलाव आणि मोती तलाव ही आमची जलसंपत्ती, आणि तीही काठावर उभे राहून पाहण्याची. अशा गावात चाळीस वर्षे लेथ चालवून, रोलिंग मिलचे रोल कातून मी म्हातारा झालो. मला पोहता येत नाही. त्यामुळे गेल्या वैशाखात भाच्याचा फोन आला, 'मामा, बोट आपट–' आणि आवाज तुटला, तेव्हा मी ओरडून विचारले, 'हळद लावलीस का?'

तो हसला नाही. 'मामा, आपली मोटारबोट! पाण्याखाली कशावर तरी आदळली. तेव्हापासून लई थरथरायली.'

हा भाचा म्हणजे आमच्या अक्काचा मुलगा. पैठणजवळ नाथसागराच्या काठी राहतो. जाळेवाल्यांची मासळी काठावर आणून पोचवायला त्याने कर्ज काढून बोट घेतली होती. अजून निम्मे हप्ते फिटायचे होते.

नाथसागर म्हणजे जायकवाडीच्या धरणाचे पाणी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. मधल्या काळात गोदाकाठची कितीतरी गावे उठली. त्यांतल्याच एका गावात अक्का नवरी म्हणून गेली होती. सात-आठ वर्षे संसार झाला आणि गावच पाण्याखाली गेले. त्या पाण्याच्या कालव्यावर आमच्या अंबड-घनसावंगीकडची शेती भिजते, आणि जालन्याच्या नळालाही तेच पाणी येते. अक्का आमच्याकडे आली की पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी क्षणभर थांबते. मी ते पाहिले होते. तिला उष्टे पाणी चालत नाही म्हणून ती तांब्यात डोकावून बघत असावी, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

मी पिशवीत डायल गेज, दोन पोलादी पट्ट्या आणि पाने टाकले. सौ.ने वर दशम्या ठेवल्या आणि 'पाण्यात वाकून पाहू नका' अशी ताकीद दिली. अंबड-पाचोड करीत दुपारी मी काठावर पोचलो.

तिथे रोगनिदान आधीच झाले होते. पंख्याचे एक पाते वाकलेले सर्वांना दिसत होते. तिथल्या एका कारागिराने ते ठोकून सरळ केले, तरी थरथर गेली नाही. तेव्हा त्याने निर्णय दिला, 'आतले सगळे गिअर गेले. नवे इंजिन घ्या.' भाच्याने मनातल्या मनात बोट विकूनही टाकली होती.

मी म्हटले, आधी नाडी तर पाहू. बोट काठाशी दोराने बांधली, इंजिनाचा पाय पाण्यातच ठेवला आणि इंजिन न्यूट्रलमध्ये चालवले. मांजरासारखे घुरघुरले, थरथर नाही. म्हणजे इंजिन निर्दोष सुटले. गिअर टाकला मात्र, बोटीला हिवताप भरला. जसा वेग वाढवावा तशी थरथर कितीतरी पटींनी वाढे. हा तर माझ्या ओळखीचा रोग! फिरत्या वस्तूचा तोल गेला की फिरण्याचा वेग दुप्पट होताच तिचा हिसका चौपट होतो. लेथवर वाकडा रोल चढवला की आम्हाला तो दातांपर्यंत कळतो.

मग पंखा काढला. टेबलावर उताणा ठेवून प्रत्येक पात्याच्या टोकाची उंची मोजली. मधल्या भोकात सळई घालून दोन पट्ट्यांच्या धारेवर तोलला. जड पाते असते तर ते दर वेळी खाली येऊन थांबले असते, पण कुठलेच पाते पुन्हापुन्हा खाली येईना. तरी खात्रीसाठी शेजारच्या बोटीचा तसाच पंखा मागून लावला. थरथर कायम! म्हणजे पंखाही सुटला. पंख्यामागे दांड्याला जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला निघाला, तो कापून काढला. हा दोरा सील कापतो आणि पाण्याला आत वाट करून देतो. म्हणून गिअरचे तेल थोडे बाहेर काढून पाहिले. पाणी शिरले असते तर ते ताकासारखे पांढुरके झाले असते. गिअर मोडले असते तर त्यात चुरा चमकला असता. तेल स्वच्छ होते. गिअरवर उगाच आळ आला होता.

उरला दांडा. बोट काठावर ओढली, इंजिन चुकून चालू होऊ नये म्हणून प्लगच्या वायरी काढल्या, डायल पक्के बसवले आणि दांडा हाताने हळूहळू फिरवला. काटा चाळीस घरे सरकला आणि परत आला. चाळीस घरे म्हणजे अर्ध्या मिलिमीटरलाही कमीच. नुसत्या डोळ्यांना तो दांडा सरळ म्हणजे सरळच होता. घाव पात्यावर दिसत होता, वाकला होता आतला दांडा.

माझा लेथवाल्याचा अहंकार म्हणत होता, प्रेसमध्ये धरून सरळ करू. पण कडक पोलाद ठोकून सरळ केले तरी त्याला आत चीर गेली आहे की नाही हे वरून दिसत नाही, आणि भर पाण्यात ते मोडले तर माणूस काय करील? मी मुंबईहून नवा दांडा आणि सील मागवायला सांगितले. नव्या इंजिनापुढे तो खर्च किरकोळ होता. भाच्याच्या चेहऱ्यावर दोन आठवड्यांनी रक्त आले म्हणतात.

या सगळ्या वेळात अक्का काठावर बाभळीच्या सावलीत बसून होती. मी हात पुसत तिच्याजवळ गेलो.

'कळलं का, बोट कशावर आदळली ते?' तिने विचारले.

'ते कसे कळणार? दगडबिगड असेल.'

'आमचा ओटा,' अक्का म्हणाली. 'त्या दिवशी मी बोटीतच होते. पाणी उतरलंय, जागा तरी दाखव, म्हणून मीच हट्ट धरला. उजवीकडे मारुतीचा पार, त्याला वळसा घातला की आमचं दार. पाणी आहे म्हणून काय झालं, पायांना वाट ठाऊक आहे. मी त्याला म्हटलं, हळू, आता ओटा येईल. त्याला वाटलं, म्हातारी बडबडते.'

मग ती बोलतच राहिली. ओट्याची तिसरी पायरी हलकी होती. परसातले जाते उचलवेना म्हणून तिथेच सोडले. जाताना सासूने उंबऱ्याला कुंकू लावले. हे सारे मी प्रथमच ऐकत होतो.

'इतकी वर्षं कधी बोलली नाहीस, अक्का?'

'तू कधी विचारलंस?'

मी गप्प बसलो. यंत्राच्या दुखण्यावर अचूक बोट ठेवतो म्हणून जालन्यात माझे नाव होते. आणि घरात तांब्याशी थबकणारा तो हात इतकी वर्षे पाहूनही मी एकदा न्यूट्रलमध्ये येऊन ऐकले नव्हते.

नवा दांडा बसला. बोट आता पाण्यावरून लोण्यातून सुरी जावी तशी जाते. त्या जागी कुणाची बोट पुन्हा आदळू नये म्हणून भाच्याने दगडाला दोर बांधून एक रिकामा निळा कॅन तरंगता ठेवला. पावसाळ्यात पाणी चढले, तसा त्याने दोर लांबवला.

परवा दिवाळीचे बोलावणे करायला मी अक्काला फोन केला. ती येते म्हणाली. मग आत वळून मुलाला विचारू लागली, 'का रे, आपल्या दारातला कॅन जागेवर आहे ना?'

ती आली की या वेळी तांब्या मी तिच्या हातात देणार आहे, आणि तिच्यापाशी बसणार आहे. सौ.ला सांगून ठेवले आहे, फराळाला थोडा उशीर होईल.