बटण बंद केलं, पण वीज बंद झाली का?

आपल्या पांढुर्णा-सौसर भागातल्या माणसाला स्टार्टर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. वावरात संत्रा असो की कपाशी, विहिरीजवळ एक पेटी असते आणि पेटीत एक हिरवं, एक लाल बटण. हिरवं दाबलं की मोटर गुरगुरते, लाल दाबलं की ‘खट्’ आवाज येऊन थांबते. त्या ‘खट्’मध्ये काय घडतं, त्याविषयी हा लेख आहे. विषय जरा तांत्रिक आहे, पण आपल्या घरातल्या, वावरातल्या माणसांच्या हातापायाशी त्याचा संबंध आहे, म्हणून थोडा धीर धरून वाचावं ही विनंती.

मी पांढुर्ण्याचा. नागपूरला इलेक्ट्रिकलमध्ये बीई केलं आणि आमच्या बॅचच्या बहुतेक मुलांसारखा सॉफ्टवेअरमध्ये गेलो. आमच्या कामात चालू म्हणजे एक आणि बंद म्हणजे शून्य. दोन्हींच्या मधे काही नसतं. विजेच्या स्विचमध्ये मात्र मधे काहीतरी असतं. ते टिकतं सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढं, पण गेली शंभर वर्षं मोठमोठे कारखाने आणि प्रयोगशाळा त्याच्याच मागे लागल्या आहेत.

वीज जोडणं तसं सोपं आहे, दोन धातू एकमेकांना टेकले की झालं. कठीण आहे ते तोडणं. पंप चालू असताना डिलिव्हरी पाइपचा व्हॉल्व्ह एकदम बंद करून पाहिला आहे का? पाइप थरथरतो, कधी फाटतोसुद्धा, कारण वाहतं पाणी असं एकाएकी थांबायला तयार नसतं. मोटरच्या वाइंडिंगमधला करंटही तसाच हट्टी. पॉइंट एकमेकांपासून दूर जाऊ लागले की तो मधली हवाच तापवून तिच्यातून वाट काढतो. हाच आर्क. आपण ज्याला ठिणगी म्हणतो, तिचा हा थोरला भाऊ. त्याच्या गाभ्यातलं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त असू शकतं. पॉइंट वेगळे झालेले दिसतात, बटण ‘बंद’वर असतं आणि वीज तरीही चालूच असते.

मग ती थांबते कशी? इथे आपल्या एसी विजेचा स्वभाव उपयोगी पडतो. ती सेकंदाला 50 फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत दोनदा शून्यावर येते, म्हणजे सेकंदाला 100 वेळा. झोका थांबवायचा असेल तर आपण तो मध्यावर वेगात असताना धरत नाही, टोकाला गेला की धरतो, कारण तिथे तो क्षणभर स्वतःच थांबलेला असतो. ब्रेकरही तसाच शून्याची वाट पाहतो. त्या क्षणी आर्क आपोआप विझतो. खरी शर्यत त्यानंतर सुरू होते. पुढची लाट येण्याआधी पॉइंटमधली तापलेली हवा थंड झाली तर जिंकलो, नाही तर आर्क पुन्हा पेटला.

ही शर्यत जिंकण्यासाठी माणसाने काय काय करून पाहिलं! जुना एमसीबी फोडून पाहा. आत लोखंडी पत्र्यांची एक छोटी चवड दिसेल. आर्क तिच्यात ढकलला की त्याचे तुकडे पडतात आणि तो थंड होतो. मोठ्या व्होल्टेजला हे पुरत नाही, म्हणून पॉइंट तेलात बुडवले. आर्कच्या उष्णतेने तेलाचा हायड्रोजन होतो आणि तोच आर्कला थंड करतो. युक्ती नामी, पण ब्रेकर बिघडला तर तेलाची टाकी पेटण्याची भीती. मग दाबाखालच्या हवेची फुंकर मारणारे ब्रेकर आले आणि त्यानंतर एसएफ-6 नावाचा वायू आला. हा आर्क विझवण्यात पटाईत. मोठ्या सबस्टेशनांच्या यार्डात हेच ब्रेकर आजही राज्य करतात. अडचण एवढीच की हा वायू गळून हवेत गेला तर वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून जास्त घातक ठरतो. म्हणून युरोपने 24 केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगियरमध्ये तो 2026 पासून बंद करायचं ठरवलं.

मला सगळ्यात आवडते ती व्हॅक्यूमची गोष्ट. आर्कला जळायला वायू लागतो ना, मग वायूच काढून टाका! इतकी साधी कल्पना. अमेरिकेत कॅलटेकमध्ये सोरेन्सन यांनी 1926 मध्ये ती करून दाखवली, पण बाजारात टिकेल असा व्हॅक्यूम ब्रेकर यायला 1960 चं दशक उजाडलं. अडलं होतं ते धातूपाशी. साध्या तांब्यात वायू अडकलेला असतो, आर्कच्या उष्णतेने तो बाहेर येतो आणि पोकळी बिघडते. वायू नसलेला धातू, काचेची किंवा सिरॅमिकची कायम बंद राहणारी बाटली आणि पुढे तांबे-क्रोमियमचे पॉइंट, हे सगळं जमायला एवढी वर्षं गेली. आता 11 केव्हीच्या ब्रेकरमध्ये त्या बाटलीच्या आत पॉइंट जेमतेम सेंटिमीटरभर दूर सरकतात आणि तेवढं पुरतं. आमच्या क्षेत्रात एखादं नवं अ‍ॅप दोन वर्षांत जुनं होतं. एका बाटलीसाठी पस्तीस वर्षं थांबणाऱ्या त्या लोकांचा मला हेवा वाटतो.

हे सगळं दूर परदेशातच घडलं असं मात्र नाही. आपल्या राज्याच्या राजधानीत, भोपाळला, 1956 मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. आजचा भेल कारखाना तो हाच. ट्रान्सफॉर्मर, टर्बाइन, मोठ्या मोटारी आणि स्विचगियर तिथे बनू लागले. भोपाळलाच केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेचं स्विचगियर तपासणी केंद्र आहे. तिथे ब्रेकरला मुद्दाम शॉर्टसर्किट देतात, तेही हजारो अँपिअरचं. वाचला तर पास. महाराष्ट्रात ठाण्याजवळ कळव्याला सीमेन्स, नाशिकला क्रॉम्प्टन ग्रीव्हज, अहमदनगरला एल अँड टी, अशी या उद्योगाची मोठी मांदियाळी. आपल्या विहिरीवरच्या पेट्यांवरही कितीतरी ठिकाणी एल अँड टीचं नाव दिसतं. तो धंदा कंपनीने 2020 मध्ये श्नायडरला विकला, पण गावात अजून कोणी दुसरं नाव घेत नाही.

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उभं राहिलं की या विषयाचा आणखी एक नमुना समोरून जातो. रेल्वेची वरची तार 25 केव्हीची. वेगवेगळ्या सबस्टेशनांची वीज एकमेकींना भिडू नये म्हणून मधूनमधून तारेचा एक तुकडा विजेविना ठेवलेला असतो. तिथे पोहोचण्याआधी इंजिनातला मुख्य ब्रेकर उघडावा लागतो, नाही तर पेंटोग्राफ जिवंत तारेवरून बाहेर पडताना आर्क ओढत नेतो. या ब्रेकरला रेल्वेत सगळे ‘डीजे’ म्हणतात. लग्नातला नव्हे! फ्रेंचमध्ये ब्रेकरला ‘दिसजाँक्तर’ म्हणतात, त्याचं हे लघुरूप. 1959 मध्ये आपल्याकडे एसी इंजिनं युरोपातून आली, त्यांच्याबरोबर हा शब्दही आला आणि रुळांकडेच्या पाट्यांवर कायमचा बसला. सौसरची छोटी गाडी जाऊन मोठी लाइन आली, विजेची तारही आली, तेव्हा आता तिकडेही डीजे उघडतो आणि मिटतो.

छिंदवाड्याच्या पलीकडे परासियाच्या कोळसा खाणीत बाबांचे एक स्नेही इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी सांगितलेली युक्ती मी बीईच्या पुस्तकात नंतर वाचली. खाणीत मिथेन वायू असतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगीही पुरते. आणि स्विच म्हटला की ठिणगी आलीच. मग करायचं काय? खाणीतल्या स्विचच्या पेटीत वायू शिरू नये अशी खटपट कोणी करत नाही. तो शिरणार, आत स्फोटही होणार, हे धरूनच जाड लोखंडी पेटी बनवतात. झाकण आणि पेटी यांच्यात रुंद, घासून गुळगुळीत केलेली पट्टी असते आणि फट मिलिमीटरपेक्षाही कमी. आतली ज्वाळा त्या फटीतून बाहेर येईपर्यंत इतकी थंड होते की बाहेरचा मिथेन पेटत नाही. 1815 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांच्या दिव्याला बारीक तारेची जाळी लावली, तेही याच तत्त्वावर. काका म्हणायचे, एक बोल्ट ढिला राहिला तर ती पेटी उरत नाही, बॉम्ब होतो.

आता थोडं आपल्या डीपीकडे वळू. खांबावर जी लांब पात्यांची तीन खटकी दिसतात, ज्यांचं हँडल खाली असतं, तो एबी स्विच. त्यात आर्क विझवायची काहीच सोय नसते. ना तेल, ना व्हॅक्यूम, ना पत्र्यांची चवड. तो लोड काढल्यावर उघडायचा असतो. पण रात्रीची लाइन, पेटलेला फ्यूज, बांधावर ताटकळलेले कास्तकार, अशा घाईत तो लोडवर ओढला जातो. पाती जळतात, वाकतात, आणि एखाद्या दिवशी दोन उघडतात, तिसरं चिकटून राहतं. खालून हँडल मात्र ‘बंद’ दाखवतं. माझे मामा वायरमन होते. त्यांच्या डाव्या तळहातावर अशाच एका दिवसाची खूण आहे. सुटीत त्यांच्याबरोबर फिरताना ते सांगायचे, “भाचेबुवा, हँडल खाली आलं म्हनून लाईन बंद झाली असं समजू नका. मान वर करा अन् पाती मोजा. तीन.” मोजून झाल्यावरही ते आधी अर्थिंगची साखळी टाकायचे, मगच हात लावायचे. त्यांच्याबरोबर काम करणारे एक जण त्या मोजणीला एकदा चुकले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती.

आणि आता सौर पंप आले आहेत. 2019 च्या कुसुम योजनेनंतर सौसरकडच्या वावरांतही पाट्या दिसू लागल्या. दिवसा पाणी मिळतं, रात्री सापाविंचवाच्या भीतीने बांधावर बसावं लागत नाही. ही मोठीच सोय आहे, यात शंका नाही. पण पाट्यांची वीज डीसी असते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डीसी शून्यावर येतच नाही. झोका टोकाला जाऊन थांबतच नाही, एकाच दिशेने ढकलत राहतो. म्हणजे एसीचा स्विच ज्या क्षणाच्या भरवशावर बनवलेला असतो, तो क्षण इथे नाहीच.

हा प्रश्न मोठ्या लोकांनाही छळतो. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाणारी 500 केव्हीची डीसी लाइन 1999 च्या सुमारापासून चालू आहे, लांबी साडेसातशे किलोमीटर. ती थांबवायची तर दोन्ही टोकांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वीज देणंच थांबवते. मधे तारेवर तोडणारा ब्रेकर नसतो. 2012 मध्ये एबीबी कंपनीने इतक्या मोठ्या डीसीला सुमारे 5 मिलिसेकंदांत तोडणारा ब्रेकर जाहीर केला, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली. त्यात अर्धं काम अर्धवाहक करतात आणि कधी तोडायचं ते माझ्यासारख्यांनी लिहिलेला प्रोग्राम ठरवतो.

गेल्या दिवाळीत सौसरजवळ माझ्या चुलतभावाकडे गेलो होतो. पाच एचपीचा सौर पंप बसून वर्ष झालेलं. पाट्यांकडून येणारा मूळचा स्विच खराब झाला होता आणि त्याने बाजारातून घरात लावतात तो एमसीबी आणून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी बसवणार होता. त्याचं म्हणणं, “दादा, यावर 32 अँपिअर लिहिलंय, पंप तर दहाही घेत नाही. अजून काय पाहिजे?” मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, वर सांगितली तीच, इथे शून्य नाही, म्हणून आर्क विझणार नाही, प्लास्टिकची पेटी वितळत राहील. दुसरी जास्त वाईट. घरात शॉर्ट झालं तर करंट शेकडो अँपिअर होतो आणि एमसीबी पडतो. पाट्यांना शॉर्ट केलं तरी त्या नेहमीपेक्षा थोडाच जास्त करंट देतात. तेव्हा आग लागली तरी त्या एमसीबीला काही वेगळं घडलं असं वाटणारच नाही. आणि ऊन आहे तोवर पाट्यांना बंद करायचं बटण नाही.

त्याला पटलं, पण पूर्ण नाही. डीसीचा स्विच एसीपेक्षा बराच महाग होता आणि सौसरच्या दुकानात तो नव्हताच. दुकानदार म्हणाला, सगळे हेच लावतात. मी पुण्याला परत आलो. पंधरा दिवसांनी भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, नागपूरहून आणलेल्या नव्या स्विचचा, त्यावर ‘डीसी’ आणि व्होल्टेज ठळक छापलेलं. शेजारी पेटीवर त्याने स्वतः ऑइलपेंटने लिहिलं होतं, “ऊन असताना वायर ओढू नये.” जुना एमसीबी त्याने गोठ्यातल्या दिव्याला लावला. तिथे तो व्यवस्थित काम करतोय.