नेटिव्ह प्लेस

१९७३ साली बँकेत लागलो, त्या दिवशी भरायला दिलेल्या फॉर्मात एक रकाना होता, 'नेटिव्ह प्लेस'. मी बिनधास्त 'बडोदा' लिहिलं. आमचे हेडक्लार्क गुजराती गृहस्थ, हसून म्हणाले, "भाई, आ तो रहेवानुं गाम. मूळ गाम कयुं?"

घरी येऊन नानांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. त्यांनी राजापूरजवळच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. ते त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं! पण त्या शब्दावर मात्र ते उखडले. "आपल्याला नेटिव्ह म्हणणारे गेले, शब्द ठेवून गेले."

निवृत्तीनंतर जुन्या वृत्तपत्रांबद्दल वाचायचा नाद लागला, तेव्हा नानांचा राग समजला. इंग्रजांच्या मुंबईतल्या पत्रांत 'नेटिव्ह' म्हणजे काळा माणूस, आपल्या पायरीचा नसलेला. पण गंमत अशी, की आपल्याच लोकांनी तो शब्द अंगावर मिरवलाही. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर एका शिक्षणसंस्थेचे 'नेटिव्ह सेक्रेटरी' होते. १८६४ मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिकांनी पत्र काढलं, त्याचं नावच 'नेटिव्ह ओपिनियन'. म्हणजे, होय, आम्ही नेटिव्ह, आणि आम्हालाही मत आहे! शब्द तोच, बोलणारा कोण त्यावर शिवी की अभिमान ते ठरायचं.

आणि आमचं बडोदं? त्या काळच्या पत्रांत ते 'नेटिव्ह स्टेट'. ग्वाल्हेर, इंदूरही तसेच. १९३५ च्या कायद्यात 'इंडियन स्टेट' आलं. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, १९६० पासून आम्ही गुजरातेत. सरकारी कागदांत राज्यं बदलली, फॉर्मातला रकाना तसाच राहिला.

एकदा बँकेच्या प्रवास-सवलतीत सगळ्यांना घेऊन त्या खेड्यात गेलो. घराचा चौथरा तेवढा शिल्लक होता, त्यावर काजूचं झाड उगवलेलं. देवळात गुरवाने नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घातलं, "बडोद्याची पाव्हणी मंडळी इली हत..." मंडळी, पाव्हणी! माझ्या मूळ गावात मी पाहुणा. आणि इकडे दांडिया बाजारात, जिथे आमच्या पाच पिढ्या गेल्या, तिथे नवा शेजारी विचारतो, "काका, तमे महाराष्ट्रमां क्यांना?"

पूर्वी वाईट वाटायचं. आता नाही. एक गोष्ट लक्षात आली. ज्या सयाजीराव महाराजांनी बडोदं घडवलं, ते जन्मले नाशिककडच्या कवळाण्याला. १८७५ मध्ये दत्तक येऊन बारा वर्षांचा तो मुलगा बडोद्याचा झाला. आमचा फॉर्म त्यांना भरायला दिला असता, तर त्यांनी काय लिहिलं असतं? कवळाणं? मला नाही वाटत.

परवा नातवाने कॉलेजचा फॉर्म आणला. तोच रकाना. विचारलं, "आजोबा, काय लिहू?"

म्हटलं, "बडोदा लिही. कुणी हसलं, तर माझ्याकडे पाठव."

तुम्ही इंदूरवाले, ग्वाल्हेरवाले, बेळगाववाले काय लिहिता? कळवा जरूर.