शेपर्डचं जुळता जुळेना

२०१२च्या उन्हाळ्यात माझी भाची नागपूरहून केळापूरला राहायला आली, तेव्हा तिचं जेवणात लक्ष नव्हतं. खोदून खोदून विचारलं तर म्हणाली, “शेपर्डसोबत लय वाईट केलं त्यांनी.” कॉलेजातली पोरगी. मला वाटलं, शेपर्ड म्हणजे हिच्या वर्गातला कुणी मुलगा. तिला जगदंबेच्या देवळात घेऊन गेले, पायरीवर बसवून समजूत घातली, याच्यापेक्षा चांगला मिळेल म्हटलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. शेपर्ड हा व्हिडिओ गेममधल्या अवकाशयानाचा कप्तान असतो आणि गेम खेळताना भाची स्वतःच तो कप्तान असायची, हे मला समजायला पुढं कितीतरी वर्षं जायची होती.

मागच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली ती जुना लॅपटॉप घेऊनच. “मावशी, तुझ्या शाळेले सुट्ट्या हायेत. तूच खेळून पाय अन् मंग सांग, मी काहून रडली होती त.” गेमचं नाव ‘मास इफेक्ट’. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीनं २००७, २०१० आणि २०१२ साली त्याचे तीन भाग काढले आणि मे २०२१मध्ये तिन्ही घासूनपुसून ‘लेजंडरी एडिशन’ म्हणून एकत्र विकायला आणले. त्याला जागा लागते १२० जीबी. माझ्या मोबाइलला रोज मिळतो दीड जीबी. म्हणजे मी इथं बसून तो उतरवायचा म्हटला तर ऐंशी दिवस, तेही वीज न जाता. म्हणून तो हार्ड डिस्कवर, लोणच्याच्या बरणीशेजारी पिशवीत बसून नागपूरहून आला. मी कौतुकानं विचारलं, “ही डिस्क आता टीव्हीला लावायची ना?”

सुरुवातीला शेपर्ड बाई हवी की पुरुष ते ठरवायचं. मी बाई घेतली, केस बांधलेली. नाव टाकायला जागा होती, तिथं हौसेनं माझंच नाव टाकलं. तासभर खेळल्यावर लक्षात आलं की सगळे मला ‘शेपर्ड’ नाहीतर ‘कमांडर’च म्हणतायत. भाचीनं कारण सांगितलं. संवाद आधीच माणसांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेले असतात, मग जगभरातल्या लोकांनी टाकलेली नावं कोण कुठून बोलणार? म्हणून आडनाव ठरलेलं, आपण टाकतो ते फक्त पहिलं नाव. पुढं जो कुणी माझ्या प्रेमात पडणार होता, तोही मला आडनावानंच हाक मारणार होता.

चालायला डाव्या हाताच्या चार कळा, बघायला उजव्या हातातला माउस. एकाच वेळी चालणं आणि बघणं मला काही केल्या जमेना. यानाची छतं मी फार बारकाईनं पाहिली आहेत. भाचीनं काठिण्यपातळी खाली आणून ‘कॅज्युअल’वर ठेवली, ती म्हणजे बिगरीची पातळी. तिथंही लढाईत माझे दोन सोबती पुढं जाऊन शत्रूला लोळवायचे आणि मी मागं एखाद्या खोक्याला तोंड लावून उभी असायची.

बोलणं मात्र मला आवडलं. बोलताना पडद्यावर एक चक्र येतं. डावीकडे चौकशीचे प्रश्न, उजवीकडे वर गोड उत्तर, खाली कडक उत्तर. प्रत्येक कामगिरी उरकली की यानात फेरी मारायची, ज्याच्या त्याच्याकडे डोकावून विचारपूस करायची. त्यातल्या काहींशी तुमचं जुळू शकतं. त्यांना भाची ‘रोमान्स ऑप्शन’ म्हणते. मी वहीत ‘स्थळं’ असं लिहून घेतलं. पहिल्या भागात कायडन नावाचा एक सभ्य अधिकारी होता. त्याच्या डोक्यात एक यंत्र बसवलेलं आणि त्यामुळं त्याला अर्धशिशी. मला पण आहे. मी दर फेरीला त्याच्या डोक्याची चौकशी करायची, उजवीकडचं वरचं उत्तर द्यायची. एक दिवस तो हळव्या आवाजात काहीतरी वेगळंच बोलायला लागला. मी घाबरून नागपूरला परतलेल्या भाचीला फोन लावला. ती म्हणाली, “अवो मावशी, तू त त्याले पटवून रायली!”

आणि मग विरमायर आलं. या ग्रहावर तुमचे दोन अधिकारी, कायडन आणि अ‍ॅशली, दोन ठिकाणी अडकतात. बॉम्ब फुटायच्या बेतात असतो आणि कुणाकडे जायचं ते तुम्ही ठरवायचं. मी शाळेच्या सहली नेणारी बाई. आधी पोरीला काढू, मग परत येऊन याला नेऊ, असा सरळ हिशोब केला. परत येणं वगैरे काही नसतं. ज्याच्याकडे तुम्ही जात नाही, तो मरतो. तसा नियमच आहे, दोघं वाचूच शकत नाहीत. माझं पहिलं स्थळ असं गेलं आणि मी अर्धा तास ‘मागे’ जायची कळ शोधत बसले.

दुसऱ्या भागात जाताना पहिल्या भागातले तुमचे निर्णय सोबत येतात. याला ‘सेव्ह इम्पोर्ट’ म्हणतात, म्हणजे साधारण मागच्या जन्माचं संचित. कोण मेलं, कोण जगलं, कुणाशी गोड वागलात, सगळं. इथं मी शहाणपणानं घ्यायचं ठरवलं. शस्त्रागारात जेकब टेलर नावाचा माणूस बसायचा. ताठ उभा राहणारा, सलाम ठोकणारा, उगाच न बोलणारा. त्याच्या वडिलांची गोष्ट फार भयंकर आहे. त्यांचं यान एका ग्रहावर कोसळलेलं. तिथलं अन्न खाल्लं की माणसाची बुद्धी मंदावते हे माहीत असून त्यांनी खलाशांना तेच खाऊ घातलं, यानातलं चांगलं अन्न स्वतःसाठी ठेवलं आणि बायकांना ताब्यात ठेवून दहा वर्षं राज्य केलं. जेकब हे सगळं बघतो आणि बापाशी नातं तोडतो. मी मनात म्हटलं, ज्यानं बापाचं हे पाहिलंय तो पोरगा बाईला कधी वाऱ्यावर सोडणार नाही. भाचीला अभिमानानं कळवलं की जेकब ठरला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, “ठीक हाय. तुले जे पटते ते.”

तिसरा भाग सुरू होतो तेव्हा मधे सहा महिने गेलेले असतात. शेपर्ड पृथ्वीवर नजरकैदेत असते. माझ्याकडे निरोप आणणारा एक संगणक यानात आहे, तो मी दर फेरीला उघडून बघायची. जेकबचं काही नाही. शेवटी एका कामगिरीवर तो सापडला. काही शास्त्रज्ञांना वाचवायचं असतं, त्यांचं रक्षण करताना जखमी झालेला. शेजारी डॉ. ब्रिन कोल. दोघांचं जमलेलं आणि तिला दिवस गेलेले. मी हिशोब केला. सहा महिन्यांत काय काय उरकलं होतं त्यानं! चक्रावर कडक उत्तर आलं, ते मी निवडलं. पण गेममधली शेपर्ड माझ्या मनात होतं त्याच्या पाव हिश्श्याइतकंही बोलली नाही आणि पुढच्या मिनिटाला मला त्या दोघांच्या रक्षणासाठी गोळ्या झाडायला जावं लागलं. बिगरीच्या पातळीवर.

रात्री फोनवर भाचीनं सगळं समजावलं आणि मला पहिल्यांदा गेम बनवणाऱ्यांची अडचण कळली. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या मोहिमेत तुमच्या डझनभर सोबत्यांपैकी कुणीही मरू शकतं. तुम्ही तयारी कशी केली, कुणाला कोणतं काम दिलं, त्यावर ते ठरतं. म्हणजे तिसरा भाग लिहिताना अमुक माणूस जिवंत असेलच असं लेखकाला धरून चालता येत नाही. मग त्या सगळ्यांच्या भूमिका अशा लिहायच्या की उचलून बाजूला ठेवल्या तरी कथा अडू नये. त्या डझनातले गॅरस आणि टाली तेवढे पुन्हा कायमचे सोबती होतात, बाकीचे पाहुण्यासारखे येऊन जातात. हे मला पटलं. पण त्या बाकीच्यांपैकी दुसरी कुणी भेटली तर जुनं नातं पुढं नेता येतं. जेकबचं मात्र तुम्ही काहीही करा, तो गेलेलाच असतो. भूमिका लहान करायला हरकत नव्हती. बापाची ती एवढी मोठी गोष्ट सांगून पोराला असं वागवायचं, हे मला अजून पटलेलं नाही. निदान एक पत्र तरी लिहायचं होतं. यानात संगणक होता की!

यानातल्या बाकीच्यांचं मात्र धडाक्यात जुळत होतं. जोकर नावाचा वैमानिक आणि ईडी नावाची यंत्रबुद्धी. तिला तिसऱ्या भागात बाईचं शरीर मिळतं. दोघंही माझ्याकडे सल्ल्याला यायचे आणि मी पुढाकार घेऊन त्यांचं जमवून दिलं. गॅरस आणि टाली, म्हणजे माझे दोन जुने परग्रहवासी सोबती, एक दिवस यानाच्या कोपऱ्यात एकमेकांच्या मिठीत दिसले. शेपर्डनं दोघांपैकी कुणालाच निवडलं नसेल तर ते आपापसात जमवतात म्हणे. २०१३मध्ये आलेल्या ‘सिटाडेल’ नावाच्या जोडभागात जुन्या-नव्या सगळ्यांची मेजवानी असते. तिसऱ्या भागाच्या मूळ शेवटावर नाराज झालेल्यांना या मेजवानीनं पुष्कळ शांत केलं, असं भाची म्हणते. तिथं जेकबही आला होता. मी त्याला टाळायला म्हणून जिन्याकडे वळले आणि भिंतीत तोंड खुपसून उभी राहिले.

टालीचं आणखी एक प्रकरण आहे. ती कायम मुखवटा घालून असते, कारण तिच्या लोकांना बाहेरची हवा सोसत नाही. पुरुष शेपर्ड घेऊन खेळणारे तिच्या प्रेमात पडले आणि दोन भाग तिचा चेहरा दिसायची वाट बघत राहिले. तिसऱ्या भागात ती प्रेमाची खूण म्हणून स्वतःचा फोटो देते. निघालं काय, तर विकत मिळणाऱ्या फोटोंपैकी एका बाईचा फोटो घेऊन त्यात थोडा फेरफार केलेला. २०२१च्या आवृत्तीत तो बदलला. मुलगी दाखवायच्या फोटोत असली फसवणूक आमच्या तालुक्यालाही माहीत आहे, पण बदलून द्यायला नऊ वर्षं कुणी घेत नाही.

शेवट असा आहे. शत्रूच्या किरणाकडे धावायचं, जखमी होऊन वर पोचायचं आणि तिथं एक मुलाच्या रूपातली शक्ती तीन वाटा दाखवते. लाल म्हणजे शत्रूचा नाश, निळी म्हणजे शत्रूवर ताबा, हिरवी म्हणजे माणूस आणि यंत्र यांचा संकर. आपण युद्ध जिंकायला आलोय, म्हणून मी लाल घेतली. त्या वाटेनं जगातली बाकीची यंत्रबुद्धीही मरते, असं तो मुलगा बोलला होता, पण मी त्या वेळी कोणती कळ दाबायची ते शोधत होते. ईडी गेली. ज्यांचं मी जमवून दिलं, त्यांचं मीच मोडलं. स्मृतिभिंतीवर माझी पाटी लागली, तीही ‘कमांडर शेपर्ड’ अशी. मी टाकलेलं नाव तिथंही नाही.

मी भाचीला म्हटलं, वाईट आहे, पण यावर जेवण सोडण्यासारखं काय होतं? तेव्हा कळलं की मी खेळले तो सुधारलेला शेवट. मार्च २०१२मध्ये लोकांना मिळाला तो फार तुटका होता. तिन्ही रंगांची चित्रफीत जवळजवळ एकच. शेवटच्या धावेत शेजारी असलेला तुमचा माणूस पुढच्या दृश्यात कुठल्याशा दूरच्या ग्रहावर यानातून उतरताना दिसायचा. तो तिथं कसा पोचला, तुम्हाला सोडून का गेला, काही नाही. नाराज लोकांनी एकत्र येऊन मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला ऐंशी हजार डॉलरच्या आसपास देणगी जमवून दिली, म्हणजे आपल्याला कुणी नुसतं रडके समजू नये. कुणी कंपनीच्या एडमंटनच्या कचेरीत चारशेवर कपकेक पाठवले. वरची मलई लाल, निळी, हिरवी. आत चव एकच. मला हा निषेध फार आवडला. २६ जून २०१२ला कंपनीनं ‘एक्सटेंडेड कट’ फुकट दिला आणि त्यात धावेच्या मधेच यान खाली उतरतं, शेपर्ड आपल्या माणसाला जबरदस्तीनं वर चढवते, दोन शब्द बोलून होतात. भाची केळापुरात उपाशी बसली होती तेव्हा हे निघायचं होतं. या दोन शब्दांसाठीच ती रडली होती. शेपर्ड मरते याचं तिला काही नव्हतं. माझ्या खेळात त्या यानात मी चढवले ते गॅरस आणि टाली. दोघं एकमेकांना सावरत निघून गेले आणि मी एकटी किरणाकडे धावले, तेही आधी उलट्या दिशेनं.

“मंग कोणाशी जमवाचं होतं?” मी विचारलं. ती म्हणाली थेन. तो दुसऱ्या भागात भेटतो, परग्रहावरचा मारेकरी, देवभोळा, फुप्फुसांचा असाध्य आजार झालेला.

“बरा होते का?”

“नाई. तिसऱ्यात मरते, दवाखान्यात. पण तू जवळ असतं. सांगून मरते तो.”

दुसऱ्या भागाचा जुना सेव्ह मी उघडला आहे. थेन इलियम नावाच्या ग्रहावर एका उंच इमारतीच्या माथ्यावर आहे. वर जायची लिफ्ट कुठं आहे, तेवढं अजून सापडलेलं नाही.