घ, र आणि घर

गेल्या महिन्यांत आमची पांच वर्षांची नात पाटी घेऊन आमच्यापुढें बसली. तिला ‘घ’ ओळखतां येतो, ‘र’ही येतो, परंतु दोन्ही शेजारीं मांडतांच ती ‘घऽ’, ‘रऽ’ असें म्हणून थांबे. शब्द कोणता, हें तिला सांगतां येईना. तिचें तें थबकणें पाहून आम्हांस चाळीस वर्षांपूर्वींचा आमचा एक विद्यार्थी आठवला. तोही असाच अडखळे. ‘अक्षरें येतात, मग शब्द कां येत नाहीं?’ असें आम्ही त्यास दरडावीत असूं. प्रसंगीं छडीही उगारीत असूं. दुसऱ्या इयत्तेनंतर तो शाळेंत आला नाहीं.

अक्षर ओळखणें, अक्षरें जुळविणें आणि अर्थ जाणून वाचणें या तीन भिन्न क्रिया आहेत. आम्ही त्या एकच समजत आलों.

अक्षरओळखीच्याही आधीं एक पायरी आहे, ती कानाची. ‘कमळ’ शब्दांतून ‘क’ काढला तर काय उरतें? ‘मळ’. हा खेळ पाटीवांचून, जेवतांना किंवा निजतांना खेळतां येतो. यासच ध्वनिजाणीव म्हणतात. नाद निराळे ऐकूं आले म्हणजे आकृतीशीं त्यांची सांगड घालणें सोपें जातें.

खरी अडचण जुळणींत आहे. आमची लिपी उच्चारानुसारी, असें आपण अभिमानानें म्हणतों. तें बरेंचसें खरें, पूर्ण नव्हे. ‘र’ या अक्षरांत ‘र्’ आणि ‘अ’ असे दोन वर्ण आहेत. संस्कृतांत शब्दाच्या अंतींचा अकार उच्चारला जातो; मराठींत ‘घर’ म्हणतांना आपण तो गाळतों. म्हणजे ‘घऽ रऽ’ म्हणणारें मूल लेखनाशीं प्रामाणिकच असतें! ‘कि’ची वेलांटी आधीं दिसते, स्वर मागाहून ऐकूं येतो. ‘सूर्य’ शब्दांतील रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारांत त्याच्या आधीं येतो. ‘चोर’ आणि ‘चंद्र’ यांत आकृति एक, उच्चार दोन. हें न सांगतां मुलाच्या बुद्धीस दोष देणें हा अन्याय होय.

राहिला अर्थ. फिलिप गफ व विल्यम टन्मर या अभ्यासकांनीं १९८६ मध्यें असें मांडलें कीं, वाचन म्हणजे लिपी उलगडणें आणि भाषा समजणें यांचा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. एक संख्या शून्य असेल तर उत्तर शून्यच. लहानपणीं आम्हीं अमरकोश मुखोद्गत केला. स्मरणशक्तीस त्याचा लाभ मोठा झाला; परंतु अर्थ कळेपर्यंत त्यास वाचन म्हणतां येत नाहीं. उलट ज्या घरांत आजी रात्रीं गोष्ट सांगते, तेथें पुस्तक न उघडतांही गुणाकारांतील दुसरी संख्या वाढत असते. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं एवढें काम अवश्य आपल्याकडे घ्यावें.

असो. आम्हीं नातीस सांगितलें, “घ लांबव आणि र वर एकदम थांब.” चौथ्या दिवशीं ती म्हणाली, “आजोबा, हें तर घर!”

आम्हीं तिच्या पाठीवरून हात फिरविला. त्या मुलासही एवढेंच कोणी सांगावयास हवें होतें. आणि सांगणारे आम्हीच होतों.