चाकांवरचं घर आणि उत्तरेची वाट

सहलीला जाण्यात आपल्या बायकांना खरं सुख कशाचं असतं? चार दिवस ओटा नाही, भांडी नाहीत आणि सकाळी उठल्याबरोबर "आज भाजी काय करायची?" हा प्रश्न नाही. पण घरच बरोबर घेऊन सहलीला निघालं तर? यंदा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कॅनडाच्या उत्तर भागात आम्ही तसे निघालो. अडीच हजार किलोमीटरांच्या त्या वाटेनं पुष्कळ दाखवलं आणि ह्या प्रश्नाचं उत्तरही दिलं.

आमच्या थोरल्या वन्सं गेली पंचवीस वर्षं कॅलगरीला असतात. त्या आणि त्यांचे यजमान, त्यांच्या ओळखीची दोन मराठी कुटुंबं आणि सांगलीहून गेलेले आम्ही तिघं, अशी अकरा माणसं तीन गाड्यांतून निघालो. गाडी म्हणजे मोटारघरच. तिकडे त्याला 'आर.व्ही.' म्हणतात. आत गॅसची शेगडी, फ्रीज, छोटी मोरी, संडास आणि रात्री उलगडायच्या गाद्या. सगळं भातुकलीसारखं आटोपशीर! टाक्या मात्र तीन. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. आमच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे दीडशे लिटरची होती. आपल्याकडे नळ आला की एवढं पाणी तासाभरात कुठं जातं ते कळतही नाही. इथं तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मोजून. आणि फोडणी जरा चरचरली की छतावरचा धुराचा भोंगा असा केकाटायचा, की शेजारच्या गाडीतली माणसं धावत यायची.

कॅलगरीहून डॉसन क्रीकला पोहोचलो. अलास्का महामार्गाचा शून्य मैलाचा खांब ह्या गावात आहे. तिथपर्यंत आमचं काय झालं, सांगते. चालत्या गाडीत कुणी उभं राहायचं नाही, पट्टा बांधून बसायचं, हा नियम. त्यामुळं स्वयंपाक करायचा तो गाडी थांबल्यावर. आणि गाडी कुठं थांबणार? जिथं काही बघण्यासारखं असेल तिथं! म्हणजे पुरुषमंडळी नदीकाठी फोटो काढताहेत, आणि आम्ही तिघी तीन गाड्यांत तीन कणका मळतो आहोत. खिडकीतून दिसेल तेवढीच आमची उत्तर दिशा.

फोर्ट नेल्सनला वन्संनी सगळ्यांना बोलावलं. तिघांतली सर्वांत मोठी गाडी त्या स्वतः चालवत होत्या, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्या म्हणाल्या, "घर चाकांवर आहे ना? मग पाळ्याही फिरू देत." रोज एकाच गाडीत अकरा जणांचा स्वयंपाक, तोही नवराबायको दोघांनी मिळून करायचा. पाणी भरणं आणि हातमोजे घालून घाण पाण्याच्या टाक्या ठरलेल्या जागी रिकाम्या करणं, हे पुरुषांकडे. आमचे हे म्हणाले, "ताई, मला पिठलं येत नाही." वन्सं म्हणाल्या, "अरे, पाणी उकळता येतं ना? मग पिठलंही येईल."

त्या दिवसापासून मला रस्ता दिसू लागला. हा रस्ता साधासुधा नव्हे, बरं का! डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेला अलास्काची काळजी लागली. तिकडे जायला जमिनीवरून रस्ताच नव्हता. मार्च १९४२ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सुमारे २,७०० किलोमीटरांचा कच्चा रस्ता उघडला. दहा हजारांहून जास्त सैनिक राबले. त्यांतले जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्या काळी त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या असत, आणि त्यांच्या कष्टांची दखल पुढं कितीतरी वर्षं कुणी घेतली नाही. कित्येक ठिकाणी जमीन बारमाही गोठलेली. वरचं शेवाळ खरवडलं की खालचा बर्फ वितळे आणि यंत्रं चिखलात रुतत. मग झाडांचे ओंडके आडवे अंथरून त्यावरून वाट काढायची. सामान्य प्रवाशांसाठी हा रस्ता १९४८ मध्ये खुला झाला.

आता तो चांगला डांबरी आहे. समिट लेकजवळ तो सुमारे १,३०० मीटर उंचीवर चढतो, तीच ह्या महामार्गाची सर्वांत उंच जागा. कडेला काळी अस्वलं गवतातली पिवळी फुलं निवांत खात बसलेली. पुढं रानगव्यांसारखे दांडगे बायसन रस्त्यातच उभे. भोंगा वाजवायचा नाही, त्यांची मर्जी होईपर्यंत थांबायचं.

लिअर्ड नदीजवळ गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्या वज्रेश्वरीची आठवण झाली. फक्त इथं दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आणि भोवती दाट जंगल. रात्रीचे नऊ वाजलेले, पण उजेड आपल्या दुपारसारखा. आम्ही बायका गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलो होतो, आणि तिकडे गाडीत पिठलं शिजत होतं. गुठळ्या झाल्या होत्या. पण आयतं मिळालेलं पिठलं किती गोड लागतं, ते मी तुम्हांला सांगायला नको!

पुढचं मोठं ठिकाण वॉटसन लेक. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाला घरची फार आठवण आली, म्हणून त्यानं इथल्या दिशादर्शक खांबावर आपल्या गावाची पाटी ठोकली. त्याचं पाहून इतरांनीही ठोकल्या. आज तिथं ऐंशी हजारांहून जास्त पाट्यांचं रानच झालं आहे.

निघण्यापूर्वी वन्संनी फोनवर माझ्याकडे एकच वस्तू मागितली होती. मिरजेच्या वाड्याच्या दारावरची पाटी. वाडा गेल्या वर्षी पाडला. वाटण्या झाल्या, पैसे आले, पण वन्संचं माहेर म्हणून बोट दाखवायला जागा राहिली नाही. मामंजींचं नाव आणि खाली 'मिरज' एवढीच अक्षरं, कोपऱ्याला गंज चढलेला. मला वाटलं होतं, त्या ती कॅलगरीच्या घरात लावतील. त्यांनी इथं पिशवीतून हातोडी आणि खिळे काढले. मी म्हटलं, "वन्सं, घरी नको का ठेवायला?" त्या म्हणाल्या, "माझ्यामागं मुलं ती कपाटात टाकतील. इथं निदान येणारा-जाणारा वाचेल." खिळा ह्यांनी धरला, हातोडी वन्संनी मारली. मग दोघं भावंडं बराच वेळ काही न बोलता उभी होती.

पुढं तेस्लिन. ही ट्लिंगिट लोकांची वस्ती. तळ्याकाठच्या त्यांच्या संस्कृतिकेंद्रापुढं कोरलेले उंच खांब उभे आहेत. रस्ता आला तसा त्याच्याबरोबर गोवरही आला, आणि १९४२-४३ मध्ये इथल्या कुटुंबांना साथींनी गाठलं. देशाच्या रक्षणाचा रस्ता, पण कुणाच्या तरी दारातून आजार घेऊन गेला.

युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स. तिथं रात्री अकरालाही बाहेर बसून वाचता येत होतं. दिवेलागणीची वेळ कोणती धरायची, हेच कळेना! शेवटी घड्याळात सात वाजले की शुभंकरोती म्हणायचं, असं आमच्या लेकीनं ठरवून टाकलं.

तिथून सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास क्लुएन तळं. त्याच्या काठावरच्या 'सोल्जर्स समिट'वर २० नोव्हेंबर १९४२ रोजी ह्या रस्त्याचं उद्घाटन झालं. ५,९५९ मीटर उंचीचं माउंट लोगन, कॅनडातलं सर्वोच्च शिखर, ह्याच भागातल्या बर्फाच्या रांगांत आत आहे. पण मला आठवतं ते कोरडं नदीपात्र. कास्कावुल्श हिमनदी मागं सरत गेली, आणि २०१६ मध्ये तिच्या वितळत्या पाण्यानं दुसरी वाट धरली. क्लुएन तळ्याला मिळणारी नदी आटली, तळ्याची पातळी खाली गेली. वाऱ्याबरोबर पात्रातली धूळ उठत होती. दीडशे लिटर पाणी जपणाऱ्या आम्ही बायका ती धूळ पाहून गप्प झालो.

कुणी जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. इंधन अर्ध्यावर आलं की भरून घ्या, पुढचा पंप लांब असतो. डास फार, लांब बाह्यांचे कपडे हवेत. अस्वलांमुळं खरकटं किंवा डबे रात्री बाहेर ठेवू नका. बश्यांमध्ये पंचे घाला, म्हणजे फुटत नाहीत. अलास्कात शिरायचं तर अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागतो. आणि कामाच्या पाळ्या निघण्यापूर्वीच ठरवा, फोर्ट नेल्सनची वाट पाहू नका.

घर बरोबर नेलं तरी बाईला सुट्टी मिळू शकते. फक्त ते घर सगळ्यांचं आहे, हे सगळ्यांना कळावं लागतं. आता सांगलीत रविवारचं पिठलं ह्यांच्याकडे आहे. गुठळ्या अजून होतात, मी मात्र त्याबद्दल काही बोलत नाही.