पावतीवर उभे राहिलेले शहर : शिकागो

अमेरिकेचा विषय निघाला की आपल्या घरांत आधी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीचे नाव येते. शिकागो आठवते ते १८९३ च्या सर्वधर्म परिषदेमुळे. परंतु ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या धान्याची आडत चालत आली, त्यांनी हे शहर आणखी एका कारणासाठी पाहावे. आज आपण ज्याला वायदे बाजार म्हणतो, त्याचे आधुनिक रूप येथे घडले.

मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या नदीच्या मुखाशी पहिले कायमचे ठाणे वसविले ते द्यु साब्ल नावाच्या एका कृष्णवर्णीय व्यापाऱ्याने, अठराव्या शतकाच्या अखेरीस. १८३७ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. निर्णायक वर्ष मात्र १८४८. सरोवर व मिसिसिपीचे खोरे जोडणारा कालवा त्या वर्षी खुला झाला, पहिली आगगाडी धावली आणि व्यापाऱ्यांनी ‘शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड’ स्थापन केले.

तोपर्यंत शेतकऱ्याचा गहू पोत्यात येई आणि त्याच्याच नावाने विकला जाई. पुढे वाफेच्या यंत्राने धान्य वर चढविणारी प्रचंड कोठारे उभी राहिली आणि सगळ्यांचा गहू एकत्र ओतला जाऊ लागला. मग कोणाचा गहू कोणता? बोर्डाने प्रतवारी ठरविली. अमुक प्रतीचा, अमुक वजनाचा गहू मिळेल, अशी पावती कोठारवाला देई. ती पावती हातोहात विकली जाऊ लागली, तिच्यावर बँका कर्ज देऊ लागल्या. १८६५ मध्ये वायद्याच्या करारांचे नियम बांधले गेले. आपल्याकडे रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे, तेथे माल डोळ्यांनी न पाहताच सौदा होऊ लागला.

मालतारणावर कर्जे देण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. पावतीमागे माल खरोखरच आहे ना, ही धास्ती आम्हाला कायम असे. शिकागोलाही ती होती. कोठारवाल्यांची मनमानी इतकी वाढली, की इलिनॉय राज्याने त्यांचे दर कायद्याने बांधून दिले आणि १८७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला. लासाल स्ट्रीटच्या टोकाला बोर्डाची १९३० मधील ४४ मजली इमारत आहे. तिच्या शिखरावर सीरीस या धान्यदेवतेचा पुतळा आहे; त्याला चेहरा कोरलेला नाही.

ऑक्टोबर १८७१ च्या अग्निप्रलयात शहराचा मध्यभाग भस्मसात झाला आणि सुमारे एक लाख लोक बेघर झाले. दगडी वॉटर टॉवर वाचला, तो आजही पाहता येतो. त्यानंतरच्या नव्या बांधकामातून गगनचुंबी इमारतींचे युग सुरू झाले. आजच्या ११० मजली विलिस टॉवरची रचना करणारे अभियंता फझलुर रहमान खान हे ढाक्याचे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

मिशिगन अव्हेन्यूवरील आर्ट इन्स्टिट्यूटच्या दारात दोन कांस्य सिंह आहेत. याच वास्तूत १८९३ ची परिषद भरली. स्वामी विवेकानंदांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी तेथे जैन धर्माचे प्रतिनिधी होते, वय अवघे २९. पुढे भारतात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्या खटपटीने अमेरिकेतून मक्याचे जहाज भारताकडे निघाले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

त्याच शहरात १८६५ पासून ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ हा अमेरिकेतील मांसव्यापाराचा सर्वांत मोठा अड्डा होता. १९७१ मध्ये तो बंद झाला. दगडी कमान तेवढी उरली आहे. गव्हाला लावलेली वजन आणि प्रत हीच भाषा येथे जिवांना लावली गेली. ‘द जंगल’ या कादंबरीने गदारोळ उडाला आणि १९०६ मध्ये मांसतपासणीचा कायदा झाला. तो खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी होता. त्या कमानीखाली मी फार वेळ थांबलो नाही.

आज या शहरात पिल्सनमध्ये मेक्सिकन, चायनाटाउनमध्ये चिनी, तर डेव्हन अव्हेन्यूवर आपल्या किराणा मालाची आणि साड्यांची दुकाने दिसतात. पण वस्त्यांचा हा नकाशा केवळ आवडीनिवडीने ठरलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने येथे येऊ लागली. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेच्या नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगविल्या गेल्या. लाल म्हणजे कर्ज धोक्याचे. कर्जदाराचे उत्पन्न, चारित्र्य, परतफेड काहीही न पाहता केवळ पत्ता पाहून अर्ज फेटाळायचे! मग ही माणसे दलालांकडून चढ्या किमतीत हप्त्यांवर घरे घेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर होत नसे, आणि एखादा हप्ता चुकला तरी भरलेले सारे पैसे बुडण्याची भीती असे. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग अशाच लॉनडेल वस्तीत येऊन राहिले होते. १९७७ मध्ये कायदा झाला, की बँकेने ज्या भागातून ठेवी घेतल्या, त्या भागाच्या कर्जाच्या गरजाही भागवाव्यात. त्यामागच्या चळवळीत शिकागोकर आघाडीवर होते.

न पाहिलेल्या गव्हावर ज्या शहरातील बँका निर्धास्तपणे कर्ज देत, तेथे समोर उभ्या असलेल्या माणसाला ते मिळत नव्हते. लॉनडेलमधील रस्त्यांवर घरांच्या मधे मधे रिकामे भूखंड आजही दिसतात. लासाल स्ट्रीटवरून तेथे मोटारीने पोहोचायला फार वेळ लागत नाही.