तुमी कोनाचे जी?

गेल्या कार्तिकात बाबांनी मला विचारलं, "तुमी कोनाचे जी?" मी त्यांचा थोरला. कौंडण्यपूरच्या पालखीसोबत पंढरीपर्यंत चाललेला माणूस अमरावतीत घरची वाट चुकू लागला. बहीण अकोल्याला, म्हणून एमआरआय तिथंच काढला. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवण धरणारा भाग, आक्रसला होता. अल्झायमर.

मग मी वाचत बसलो. तो फोटो मेंदूची ठेवण दाखवतो. दुसरा एक प्रकार आहे, फंक्शनल एमआरआय. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूचं रक्त जास्त धावतं, तो फरक चुंबक टिपतं. १९९५ साली अमेरिकेत भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणूस नुसता पडून असला तरी हात हलवणारे मेंदूचे डावे-उजवे भाग एका लयीत वरखाली होतात. दिंडीतल्या समोरासमोरच्या टाळकऱ्यांसारखं! अल्झायमरमध्ये आठवणीशी जोडलेल्या भागांची ही लय विसकटते. पण हे पुष्कळ जणांचे फोटो ताडून कळतं. एकट्या बाबांचं निदान त्यावर होत नाही.

संध्याकाळी हरिपाठ धरला की बाबांचे ओठ चालतात, शब्द चुकत नाही. अशा पुष्कळ रोग्यांत जुनं पाठांतर उशिरापर्यंत टिकतं, सगळ्यांत नाही.

काल मधेच थांबून म्हणाले, "टाळ ढिला पडून राह्यला तुहा."

'तुहा' म्हणाले, माउली. 'तुमचा' नाही.